कवळीखाली मांस वाढलंय, चाकूने काढायचं की लेझरने?

पत्र असं आहे:

"डॉक्टर, आईचं वय ६८. बारा वर्षांपूर्वी सगळे दात काढून वर-खाली पूर्ण कवळी बसवली, तीच अजून चालू आहे. गेल्या वर्षभरात वरच्या ओठाच्या आत पुढच्या बाजूला मांसाच्या दोन घड्या वाढल्यात आणि कवळीची कड बरोबर त्या दोन्हींच्या मधे जाऊन बसते. दुखत नाही म्हणते, पण मधेच सोलवटतं, रक्त येतं. टाळूवर लाल दाणे पण दिसतात. कवळी रात्रीसुद्धा काढत नाही, सैल झाली म्हणून पावडर टाकून बसवते. इथले डॉक्टर म्हणाले कापून टाके घालू, शहरातल्या क्लिनिकमधे म्हणाले लेझरने अर्ध्या तासात होईल, तिसरे म्हणाले नवीन कवळी करा, मांस आपोआप बसेल. मामा म्हणतो कॅन्सरची गाठ असेल, हातच लावू नका. आईला शुगर आहे, बीपीच्या गोळीबरोबर इकोस्प्रिन घेते, आधी बरीच वर्षं मशेरी लावायची, आता बंद आहे. दोन महिन्यांनी भाच्याचं लग्न आहे आणि बिनदाताची जाणार नाही म्हणते. काय करू? — बार्शीहून एक मुलगी"

ताई, आधी मामांच्या भीतीचं बोलू, कारण ती भीती मनात असेपर्यंत बाकी काही सांगितलेलं डोक्यात शिरत नाही. तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे मांसाच्या घड्या, मधे चीर आणि त्या चिरेत कवळीची कड, ते वर्षानुवर्षं सैल कवळी घासून वाढलेल्या मांसाचं अगदी नेहमीचं चित्र आहे. डॉक्टरांच्या कागदावर त्याला एप्युलिस फिशुरेटम किंवा डेन्चर हायपरप्लेजिया असं लिहिलेलं दिसेल. असं वाढलेलं मांस म्हणजे कॅन्सर नाही. सततच्या घासण्याला तोंडाच्या कातडीने दिलेलं उत्तर आहे ते, वयस्कर बायकांमधे जास्त दिसतं आणि बहुतेक वेळा जबड्याच्या पुढच्या भागातच. पण मामांचं "हात लावू नका" हे मात्र मुळीच ऐकू नका, कारण तोंडातला कॅन्सर कधीकधी अशाच घडीचं रूप घेऊन येतो, आणि आईंनी इतकी वर्षं मशेरी लावलेली आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, दात घासायला वापरली म्हणून ती वेगळी होत नाही. त्यामुळे काढलेलं मांस तपासणीला जाणारच, यावर तडजोड नाही. कवळी काढून ठेवूनही दोन आठवड्यांत जखम भरत नसेल, घडीचा तळ बोटाला कडक लागत असेल, पांढरे किंवा लाल चट्टे असतील जे पुसून जात नाहीत, ओठ बधिर वाटत असेल किंवा गळ्यात गाठ लागत असेल, तर पुढचं सगळं वाचत बसू नका, आधी बायोप्सीच, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करून घ्या.

आता हे मांस वाढलंच का ते बघू, कारण उपाय त्यातच आहे. दात काढले की ज्या हाडात ते रोवलेले होते ते हाड झिजायला लागतं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त आणि नंतर हळूहळू पण आयुष्यभर. टॅलग्रेन यांचा १९७२ सालचा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, कवळी वापरणाऱ्या लोकांची २५ वर्षांची मोजमापं त्यात आहेत, त्यात खालच्या जबड्याचं पुढचं हाड वरच्याच्या साधारण चौपट झिजलेलं आढळलं. हाड खाली जातं पण कवळी तर तेवढीच राहते, ती प्लॅस्टिकची आहे, मग ती बुडायला लागते आणि जी कड पूर्वी ओठ आणि हिरडीच्या मधल्या खाचेत हलकेच टेकायची ती आता खाचेच्या तळाशी रुतते, प्रत्येक घासाला, प्रत्येक बोलण्याला. चप्पल चावते तिथे घट्टा पडतो ना, तसंच. फरक इतकाच की तोंडातली कातडी मऊ आणि सैल, त्यामुळे ती कडेच्या दोन्ही बाजूंनी घडी होऊन वाढते. आणि पावडरने इथे जास्तच घोटाळा होतो, कारण सैल झालेली कवळी तिच्यामुळे चिकटून राहते, माणसाला वाटतं अजून चालतेय, आणि खाली मांस वाढत राहतं. बारा वर्षं ही कवळीसाठी फार झाली, पाच-सात वर्षांनी तरी ती बदलायची किंवा आतून नवीन थर देऊन घ्यायची वेळ आलीय का हे बघायला हवं असतं.

म्हणूनच तिसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. वाढलेल्या, सुजलेल्या मांसावरूनच माप घेतलं तर नवीन कवळी त्या चुकीच्या आकारावर बसते, कड परत तिथेच, आणि वर्षभरात तुम्ही परत मला हेच पत्र लिहाल. नवीन कवळी हवीच आहे पण ती शेवटी.

पहिलं काम काय तर कवळीचा त्रास थांबवणं. सगळ्यात चांगलं म्हणजे दोन ते चार आठवडे वरची कवळी पूर्ण बंद. आई तयार नसतील, आणि तुमच्या पत्रावरून वाटतंय की नसतीलच, तर दातांच्या डॉक्टरांकडून ती रुतणारी कड चांगली भरपूर कापून घ्यायची, नुसती घासून नाही, आणि आत टिश्यू कंडिशनर नावाचं मऊ मटेरियल भरून घ्यायचं. ते मऊ असल्यामुळे मांसावर दाब एकसारखा पडतो, पण काही दिवसांत कडक व्हायला लागतं म्हणून मधे-मधे बदलावं लागतं, तेवढ्या चकरा होतात. कड घरी पॉलिश पेपरने किंवा कानसने घासू नका हां, पुष्कळ लोक करतात, आणि मग एक धारदार टोक राहतं आणि त्याने आणखीच सोलतं.

एवढ्याने काय होतं? सूज उतरते, लाली जाते, रक्त येणं थांबतं, आणि घडी लहान आणि ताजी असेल तर कधीकधी पूर्ण विरघळूनही जाते, चाकू लागतच नाही. आईंच्या घड्या वर्षभराच्या आहेत, आत घट्ट तंतूंचं मांस तयार झालेलं असणार, त्यामुळे त्या पूर्ण जातील असं मी सांगणार नाही, पण अर्ध्या झाल्या तरी फार मोठा फायदा आहे. ऑपरेशन लहान होतं, रक्त कमी जातं, आणि सर्जनला कळतं की खरं जास्तीचं मांस किती आणि नुसती सूज किती. सुजलेल्या अवस्थेत कापलं की गरजेपेक्षा जास्त कापलं जातं. आणि या दोन-चार आठवड्यांत आणखी एक गोष्ट आपोआप तपासली जाते, जी जखम कवळीमुळे होती ती भरते, जी भरत नाही तिचा संशय घ्यायचा.

आता ऑपरेशन. बहुतेक वेळा हे लोकल भुलीवर होतं, ॲडमिट व्हावं लागत नाही. भुलीच्या इंजेक्शनमधे लिग्नोकेनबरोबर थोडं ॲड्रेनलिन असतं, त्याने रक्त कमी येतं आणि भूल जास्त वेळ टिकते, फक्त बीपीचं डॉक्टरांना आधी सांगून ठेवा म्हणजे ते प्रमाण बघून देतील. फार मोठ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेल्या घड्या असतील तरच पूर्ण भूल द्यायचा विचार होतो.

चाकूने कसं करतात ते सांगते. ओठ बोटांनी बाहेर ताणून धरतात, घडी चिमट्यात उचलतात आणि तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी छेद घेऊन ती सोडवतात. हाडावर एक पातळ आवरण असतं, त्याला हात लावायचा नाही, त्याच्या वरून-वरून मांस सोडवायचं, कारण ते आवरण शाबूत राहिलं की वरची कातडी चांगली धरते आणि हाड उघडं पडत नाही. इथपर्यंत सगळे सारखंच करतात. खरा प्रश्न यानंतर येतो, की आता ही जी उघडी जागा झाली ती बंद कशी करायची. आणि ताई, दोन्ही डॉक्टरांना विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, चाकू की लेझर हा नाही.

जखम लहान असेल तर दोन्ही कडा जवळ ओढून टाके घालतात, आठवड्याभरात भरते, विषय संपला. पण जखम रुंद असेल आणि तरीही कडा ओढून शिवल्या तर काय होतं, ओठाची आतली कातडी हिरडीकडे खेचली जाते आणि मधली खाच उथळ होते किंवा जवळजवळ नाहीशीच होते. दिसायला जखम मस्त भरलेली, पण कवळीची कड जायला जागाच उरत नाही, मग नवीन कवळी कितीही छान केली तरी बोलता-बोलता खाली येते. तोंडात दात नसलेल्या माणसाच्या वरच्या कवळीला धरून ठेवणारं जे काही आहे त्यात या खाचेतल्या कडेचा मोठा वाटा असतो. म्हणून मोठ्या घड्यांत अनुभवी सर्जन कडा ओढत नाहीत, ओठाच्या बाजूची कड वर खाचेच्या तळाशी नेतात, हाडाच्या त्या आवरणाला टाक्यांनी पकडतात आणि बाकीची जागा उघडी ठेवतात, ती आपोआप खालून भरून येते. घड्या काढणं आणि खाच खोल करणं, दोन्ही कामं एकाच वेळी होतात. उघडी जखम म्हटल्यावर घरच्यांना धस्स होतं, पण तोंडातली जखम अशी भरते, साधारण चार ते सहा आठवड्यांत नवी कातडी येते.

अशा वेळी आईंची जुनी कवळीच कामाला येते. तिची कड दुरुस्त करून, आत मऊ लायनर भरून ती ऑपरेशनच्या टेबलवरच बसवतात, ती जखमेवर पट्टीसारखी राहते, रक्त थांबवते आणि भरताना खाच परत मिटू देत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी कवळी फेकून देऊ नका, सोबत घेऊन जा. थोडी खोली भरताना कमी होतेच, ती गृहीत धरून सर्जन आधीच जास्त घेतात. जखम फारच मोठी असेल तर टाळूवरची पातळ कातडी किंवा मांडीची कातडी काढून लावतात, किंवा कोलॅजनचा पडदा ठेवतात, पण दोन घड्यांसाठी याची गरज सहसा पडत नाही.

आता लेझरचं. लेझर वाईट नाही, उलट आईंसारख्या, इकोस्प्रिन म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या पेशंटला त्याचा खरंच उपयोग होतो. कापतानाच बारीक रक्तवाहिन्या बंद होत जातात, त्यामुळे समोर स्वच्छ दिसतं, टाके बहुतेक लागत नाहीत, नंतर सूज आणि दुखणं कमी असतं असं पुष्कळ पेशंट सांगतात. आणि टाके घालून कडा ओढायच्या नसल्यामुळे खाच टिकायलाही मदत होते. हॉस्पिटलांत कार्बन डायऑक्साइड लेझर असतो, १०,६०० नॅनोमीटरचा, त्याचे किरण पेशींमधल्या पाण्यातच शोषले जातात म्हणून वरवरचा थर अगदी नीट काढता येतो. खाजगी क्लिनिकमधे जास्त करून डायोड असतो, ८१० ते ९८० नॅनोमीटरच्या आसपासचा, यंत्र छोटं, स्वस्त, आणि तो रक्तातल्या लाल रंगावर जास्त काम करतो. डायोडचं टोक मांसाला टेकवून हळूहळू कापत न्यावं लागतं, एकाच जागी जास्त वेळ ठेवलं तर उष्णता खाली जाते, आणि खाली लगेच हाड आहे. म्हणजे यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. शिवाय लेझरची जखम भरायला चाकूच्या जखमेपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, वर पांढरट-पिवळा थर येतो, तो पू नसतो, तो खरवडून काढायचा नाही.

लेझरच्या आणि तसंच विजेवर चालणाऱ्या कॉटरीच्या बाबतीत माझी एकच काळजी आहे, ती तपासणीची. उष्णतेने मांसाची कड भाजते आणि भाजलेल्या कडेत पॅथॉलॉजिस्टला पेशी नीट वाचता येत नाहीत. म्हणून जिथे मशेरीचा इतिहास आहे तिथे मी सांगेन की संशयास्पद वाटणाऱ्या भागाचा तुकडा आधी चाकूने घ्यावा, किंवा मग घडी अखंड काढावी आणि भाजलेली कड सोडून वाचायला पुरेसं मांस राहील असं बघावं. आणि काही ठिकाणी लेझरने मांस कापून न काढता नुसतं जाळून वाफ करून टाकतात, तसं असेल तर स्पष्ट नाही म्हणा, कारण तपासायला काही उरतच नाही. द्रवरूप नायट्रोजनने गोठवून काढायची क्रायोसर्जरी पण याच कारणासाठी आईंना नको, त्यात मांस काळं पडून गळून जातं, तोंड बरंच सुजतं आणि हातात नमुना काही येत नाही. ज्याला भुलीचं इंजेक्शनच देता येत नाही अशा एखाद्या पेशंटसाठी ती असते. कॉटरीचं म्हणाल तर ती स्वस्त आहे, सगळीकडे मिळते, रक्त थांबवते, पण भाजण्याचा पट्टा जास्त रुंद असतो आणि पेसमेकर असलेल्या माणसावर वापरायच्या आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं लागतं.

एक बारीक गोष्ट जी तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघू शकता: ऑपरेशन झाल्यावर काढलेलं मांस एका छोट्या बाटलीत, फॉर्मॅलिनमधे टाकतात, साध्या पाण्यात किंवा सलाइनमधे नाही, बाटलीवर आईंचं नाव, वय, कुठल्या भागातलं आहे आणि तारीख लिहितात, सोबत एक फॉर्म असतो त्यात मशेरीचा उल्लेख पाहिजे. "साधंच मांस आहे, पाठवायची गरज नाही" असं म्हणून कचऱ्यात टाकलं जातं अशा गोष्टी ऐकायला येतात आणि मला त्याचा फार राग येतो. तुम्ही आधीच सांगून ठेवा की रिपोर्ट हवाच आहे.

मग आईंसाठी काय, तर माझं मत असं. आधी दोन-तीन आठवडे कवळीची कड कापून मऊ लायनर, मग जे उरेल ते लोकल भुलीवर काढायचं. घडी बारकी उरली तर चाकू आणि दोन-चार टाके, एवढं पुरे, त्यासाठी लेझरचे जास्तीचे पैसे द्यायची गरज नाही. बुड रुंद उरलं तर चाकू असो की लेझर, पण जखम उघडी ठेवून, कवळीचा आधार देऊन खाच राखणारा सर्जन निवडा. शक्यतो तोंड आणि जबड्याचा सर्जन म्हणजे त्या विषयातला एमडीएस असावा, आणि कवळी करणाऱ्या डॉक्टरांशी त्याने आधी बोललेलं असावं. सरकारी डेंटल कॉलेजमधे हे दोन्ही विभाग एकाच इमारतीत असतात आणि खर्च फार कमी येतो, तुम्हाला छत्रपती संभाजीनगरचं सोयीचं पडेल, मुंबई-नागपूरलाही आहे, मुंबईत नायर हॉस्पिटलचं डेंटल कॉलेज आहे, आणि हे वाचणाऱ्या गोव्यातल्या लोकांसाठी बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज. जाण्याआधी जबड्याचा पूर्ण एक्स-रे, ओपीजी, काढून घेतला तर हिरडीत राहिलेलं एखादं मूळ किंवा हाडाचं टोचणारं टोक असेल तर तेही दिसतं.

ज्यांच्या अशा घड्या खालच्या जबड्यात आहेत त्यांनी एक लक्षात ठेवा, खाली दोन्ही बाजूंना सुळ्याच्या मागे एक नस हाडातून बाहेर येते, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी, आणि हाड खूप झिजलं की ती जवळजवळ वरच, कातडीखाली येते. तिथे कापताना नस दुखावली तर ओठ बधिर राहू शकतो. आईंचं वरच्या जबड्याचं आहे म्हणून हा धोका नाही.

टाळूवरचे लाल दाणे हा वेगळा पण शेजारचाच त्रास आहे. कवळी चोवीस तास घातल्यामुळे खाली हवा नाही, लाळ फिरत नाही, वर कॅन्डिडा नावाची बुरशी बसते, आणि शुगर असेल तर तिला आणखी फावतं. टाळू लाल होतो आणि बारीक दाणे उठतात. यातले बरेच दाणे रात्री कवळी काढून ठेवली, ती रोज घासली आणि डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं औषध, बहुतेक क्लोट्रिमॅझोलचं माउथ पेंट, टाळूला आणि कवळीच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे लावलं की बसतात. नुसतं टाळूला लावून उपयोग नाही, बुरशी कवळीत बसलेली असते. जे दाणे तरीही घट्ट राहतात ते खरवडून, कॉटरीच्या वेढ्याने किंवा लेझरने काढता येतात, तिथे टाके घालता येत नाहीत, टाळू खालून भरतो. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी मायकोनॅझोलची तोंडाची जेल मात्र लावू नये, त्याने रक्त धोकादायक पातळ होतं. इकोस्प्रिनचा हा प्रश्न नाही.

इकोस्प्रिनवरून आठवलं, ती आपल्या मनाने बंद करू नका. असल्या छोट्या ऑपरेशनसाठी ती सहसा चालूच ठेवतात, दाब देऊन, टाक्यांनी, गरज पडली तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या बोळ्याने रक्त आटोक्यात येतं, आणि गोळी बंद केल्याने हृदयाला होणारा धोका यापेक्षा मोठा असतो. गोळी का चालू केली होती त्याचे कागद सोबत न्या आणि त्या डॉक्टरांनाच विचारून ठरवा. शुगर आटोक्यात नसेल तर ऑपरेशन आठ-पंधरा दिवस पुढे गेलं तरी चालेल, घाईची गोष्ट नाही ही. हाडं ठिसूळ म्हणून आठवड्याची ॲलेंड्रोनेटची गोळी घेत असतील तर तेही सांगा, बायका हे सांगायचं हमखास विसरतात.

ऑपरेशननंतर पहिले २४ तास गार आणि मऊ, ताक-भात, गार खीर, दूध, स्ट्रॉ वापरायचा नाही, थुंकायचं नाही, बसवलेली कवळी डॉक्टर सांगेपर्यंत काढायची नाही, कारण ती पहिल्या दिवशीच काढली की सूज येते आणि परत बसत नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या, सांगितलं तर क्लोरहेक्सिडिन. तिखट पंधरा दिवस बंद, सोलापूरकडच्या माणसाला हे जड जातं हे मला माहितीय, पण शेंगादाण्याची चटणी त्या जखमेत गेली तर काय होईल विचार करा. टाके न विरघळणारे असतील तर सात ते दहा दिवसांनी काढतात. हळद, तुरटी, लवंगेचं तेल जखमेवर काही लावायचं नाही. आणि दुखणं कमी करायला म्हणून मशेरी परत हातात येणार नाही एवढं तुम्ही बघा.

लग्नाचं गणित आता मांडू. दोन महिने म्हणजे आठ-नऊ आठवडे. पहिले दोन-तीन कवळीच्या दुरुस्तीत गेले, मग ऑपरेशन, मग भरायला चार ते सहा आठवडे, म्हणजे लग्नापर्यंत नवीन कवळी होणार नाही, माप घेण्यापासून चार-पाच चकरा लागतात तिला. पण बिनदाताचं जायची वेळ पण येणार नाही. जुन्या कवळीला आतून मऊ थर दिलेला असेल, तीच घालून आई लग्नात मिरवतील, फोटोत कोणाला काही कळणार नाही. फक्त कार्यालयात जेवताना मऊ खायचं आणि रात्री झोपताना काढायची. त्यांना हे आधी शांतपणे सांगा. जावयासमोर, सुनेसमोर बिनदाताचं दिसू नये म्हणून कितीतरी बायका रात्रीची कवळी काढत नाहीत आणि कोणाला सांगतही नाहीत, आईंचंही तेच असेल तर खोलीत एक झाकणाचा डबा ठेवा, दिवा मालवल्यावर काढायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी घालायची, कोणी बघत नाही. डब्यात साधं गार पाणी, गरम अजिबात नाही, गरम पाण्याने कवळी वाकडी होते, आणि घासायला मऊ ब्रश आणि साधा साबण, टूथपेस्टने चरे पडतात आणि त्यात बुरशी बसते.

नवीन कवळीचं माप जखम पूर्ण भरल्यावर, लग्न झाल्यावर. त्यानंतर वर्षातून एकदा कड रुततेय का हे दाखवायचं, नाहीतर कितीही सुंदर ऑपरेशन केलं तरी मांस परत वाढतं. खालची कवळी पण हलत असेल आणि ऐपत असेल तर खाली दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे स्क्रू, बसवून त्यावर कवळी अडकवायचा पर्याय विचारून ठेवा, २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या बिनदाताच्या जबड्यासाठी तोच पहिला पर्याय असावा असं मत दिलं होतं, शुगर आटोक्यात असेल तर ६८ हे वय त्यासाठी जास्त नाही. आणि बायोप्सीचा रिपोर्ट आला की त्याची एक झेरॉक्स आईंच्या फाईलला लावा, एक नवीन कवळी करणाऱ्या डॉक्टरांना द्या, आणि त्यात डिस्प्लेजिया, म्हणजे कॅन्सरकडे झुकू शकणारा पेशींमधला बदल, असा शब्द दिसला तर मला लगेच कळवा, कवळीचं माप घ्यायच्या आधी.